फाळक्यावरचा नंबर

नगरमध्ये जुन्या लष्करी गाड्या जपणाऱ्या मंडळींचा एक गट आहे. यंदाच्या मेळाव्याला ते स्मरणिका काढताहेत आणि तिच्यात रज्जाकभाई मिस्त्रींवर मी लिहावं असा त्यांचा आग्रह आहे. रज्जाकभाईंच्या गॅरेजात सर्वांत जास्त रविवार मी काढले, हे खरं. गटाचे चिटणीस घरी आले, चहा झाला, आणि चपला घालता घालता म्हणाले, "सर, तेवढं ते फाळक्याचं प्रकरण टाळा. माणूस मोठा होता. एखादी चूक कुणाकडून होत नाही?"

मी मान हलवली. बारा वर्षं मी तेच करत आलो आहे. आता अडुसष्टावं चालू आहे आणि रज्जाकभाईंना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हा मी लिहितो ते त्या प्रकरणासकट. छापायचं की नाही ते गटानं ठरवावं.

भिंगारच्या पुढे पाथर्डी रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर एक लिंब, लिंबाखाली तीन जीपा, जीपहून दांडगी एक जोंगा, पाण्याची एक लष्करी टाकी चाकांवर उभी, आणि सगळ्यांच्या मागे भिंतीसारखा दिसणारा एक शक्तिमान ट्रक. रज्जाकभाई अंगानं किरकोळ, पाठीत थोडे वाकलेले. डाव्या हाताचं एक बोट अर्धं. सदऱ्याच्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा विड्यासारखी घडी घालून ठेवलेला असायचा. दर रविवारी सकाळी ते सगळ्या गाड्या एकेक करून दहा मिनिटं चालू करायचे. त्याला ते 'श्वास देणं' म्हणायचे. शेड धुरानं भरायची आणि मागच्या घरातून जुलेखाभाभींचा आवाज यायचा, की दुसऱ्या बायकांना एक सवत असते, मला पाच आहेत, आणि सगळ्या तेल पितात.

मी एका हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. शाळेच्या नाटकासाठी एका दिवसापुरती जीप मिळेल का, हे विचारायला मी पहिल्यांदा तिथे गेलो. रज्जाकभाईंनी हो-नाही काही सांगितलं नाही. हातात पाना दिला आणि एका जीपच्या मडगार्डखालचा गंजून एकजीव झालेला नट दाखवला.

"तेवढा सोडवा मास्तर. मंग बोलू."

मला दोन रविवार लागले. रॉकेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, दिव्यानं तापवलं, बोटं सोलली. दुसऱ्या रविवारी दुपारी तो नट 'कट्' करून अर्धा आटा फिरला, तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो. नाटक, जीप, काहीच मग विचारलं नाही. पुढचे वीस-बावीस वर्षांचे रविवार तिथेच गेले.

ही त्यांची सगळ्यांसाठीची रीत होती. कुणी गाडी बघायला आला की त्याच्यासाठी एक अडलेला नट तयार असायचा. बघून नाद लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. बघणारे फोटो काढतात आणि जातात, ज्याचा हात खरचटला तोच परत येतो. एकदा एक निवृत्त कर्नलसाहेब आले. पांढरा शर्ट, घडीची पँट. त्यांच्याही हातात पाना गेला. साहेब जरा चिडून म्हणाले, अशा गाड्यांचा ताफाच्या ताफा मी सांभाळलाय. रज्जाकभाई म्हणाले, "सांभाळला असंल साहेब. नट सोडवलाय का?" साहेब तासभर उन्हात झटले, शर्टाचं वाटोळं झालं, नट हलला नाही. पाना ठेवून निघून गेले. पुढच्या रविवारी जुना शर्ट घालून हजर.

त्यांना स्वतःला हा नाद कसा लागला, ते त्यांनी मला फार उशिरा सांगितलं. तरुणपणी ते एका भंगारवाल्याकडे गॅस कटर चालवायचे. लष्कराच्या बाद गाड्या लिलावात यायच्या, आणि त्या कापायचं काम ह्यांचं. दिवसाला एक गाडी. एकदा एका ट्रकचा दरवाजा कापायला घेतला तर आतल्या बाजूला, ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी, खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या. दिवस मोजल्यासारख्या, पाच-पाचच्या जुड्या करून. शेवटची रेघ अर्धीच होती. रज्जाकभाईंनी कटर बंद केला. तो माणूस सुट्टीवर गेला, बदलून गेला की आणखी काही झालं, हे कळायला मार्ग नव्हता. पण त्याच्या आधी आपण किती जणांच्या रेघा कापून टाकल्या, ह्या विचारानं त्यांना जेवण जाईना. त्यांनी ती नोकरी सोडली.

"लोक म्हणतात रज्जाकचं गाड्यांवर प्रेम हाय," ते म्हणाले. "प्रेम-बिम न्हाई मास्तर. फेड हाय ती."

त्यानंतर आयुष्यभर त्यांनी एक पथ्य पाळलं. गाडी रंगवायच्या आधी खिशातला पॉलिश पेपर काढायचा आणि एखाद्या जागी बशीएवढा गोल हळूहळू घासायचा. वरचा हिरवा, त्याखाली मातकट, त्याखाली आणखी जुना हिरवा, अशी पुटं झाडाच्या कापलेल्या बुंध्यासारखी कडी-कडीनं दिसायला लागायची. कधी एखादा आकडा, कधी पलटणीच्या खुणेचा कोपरा वर यायचा. तेवढी जागा ते रंगवत नसत, नुसतं वॉर्निश मारून उघडी ठेवत. तिला ते खिडकी म्हणायचे. आणि खिडकीत दिसलं त्याच्या बाहेरचं एक अक्षर ते गाडीबद्दल बोलत नसत. नगर-पुण्याकडचे शौकीन त्यांच्या शब्दावर गाडी घेत. रज्जाकभाई 'माहीत न्हाई' म्हणाले तर ते माहीत नाही. आणि 'हाय' म्हणाले तर मग कागद बघायची कुणाला गरज वाटत नसे.

आता त्या शक्तिमानकडे येतो.

तो त्यांनी भंगारातून अगदी कापायच्या दिवशी उचलून आणला होता. तीन वर्षं खपून चालता केला. तेवढ्यात जागेच्या मालकानं जागा विकली आणि पावसाळ्याच्या आत शेड रिकामी करायला सांगितलं. जीपांना लगेच घरं मिळाली. जोंगा कर्नलसाहेबांनी नेली. ट्रक कोण घेणार? एक भंगारवाला येऊन त्याच्या दारावर खडूनं फुली मारून गेला. त्या दिवसापासून रज्जाकभाई दुपारचं जेवण ट्रकच्या केबिनमध्ये बसून घ्यायला लागले.

मग पाथर्डी तालुक्यातल्या एका गावाचे लोक आले. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांनी पुरेसं सोसलं आहे. पुढारी होते भागवतअण्णा, लष्करातून हवालदार होऊन परतलेले. त्यांच्या गावचा एक जवान, ट्रक ड्रायव्हर, एकाहत्तरच्या लढाईत गेला होता. त्याच्या स्मारकापाशी त्या काळातला लष्करी ट्रक उभा करायचा, वर शेड बांधायची, असा त्यांचा बेत होता. पण अट एक. ट्रक लढाईत गेलेला पाहिजे. "नुस्ता ट्रक ठिवायचा तर गावात काय कमी हाईत? कारखान्याला ऊस न्हेणारे ढीग पडल्यात," अण्णा म्हणाले. बोलता बोलता त्यांनी त्या जवानाच्या तुकडीची खूण आणि नंबरही सांगितला.

रज्जाकभाई म्हणाले की गाडी त्या काळातली आहे. लढाईत गेली का, ते माहीत नाही. दोन खिडक्या काढल्यात, त्यात तसं काही दिसत नाही.

मंडळी बघून सांगतो म्हणून गेली. रज्जाकभाईंनी फुलीवरून हात फिरवला, पण ती पुसली नाही, हे मी पाहिलं.

पुढचे दोन शुक्रवार मी शाळेतून अर्धी रजा घेतली. शुक्रवारी दुपारी रज्जाकभाई नमाजाला जायचे, शेडची किल्ली माझ्याकडे असायची. ट्रकच्या मागच्या फाळक्याच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या दाराच्या, आतल्या बाजूला एक जागा घासून मी तिथे ती खूण आणि तो नंबर पांढऱ्यानं काढला. वर्गातले पोस्टर कलर वापरले, कारण ऑइलपेंटला चकाकी येते आणि मला जुनं, मेलेलं पांढरं हवं होतं. त्यावर चहाचं पाणी, थोडी काजळी, पातळ वॉर्निश, आणि सगळ्यावर हिरव्या रंगाचा एक हलका हात. चित्र म्हणून सांगतो, इतकं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

ट्रक वाचावा म्हणून केलं, हे खरं आहे. पण ते करताना मला आनंद होत होता, हेही खरं आहे.

रविवारी मी त्यांना सुचवलं की फाळक्यावर अजून खिडकी काढली नाहीये. त्यांनी पॉलिश पेपर काढला, घासायला बसले. पांढरं काहीतरी वर यायला लागलं तसा त्यांनी चेहरा अगदी फाळक्याशी नेला. दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत आला होता. ते बाजूला सरकले.

"मास्तर, तुमचे डोळे चांगले हायत. काय दिसतं ते वाचा."

मी वाचलं. खूण सांगितली, एकेक आकडा सांगितला. ते फाळक्याला टेकून खाली बसले. मग आत जाऊन भाभींना घेऊन आले, त्यांनाही दाखवलं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः भागवतअण्णांना फोन लावला आणि म्हणाले, "हाय. त्याच तुकडीची हाय."

ट्रक गावात गेला तो वाजतगाजत. त्या जवानाची बायको, गयाबाई, तेव्हा साठीच्या पुढची होती. लग्नानंतर नवरा जेमतेम दोन सुट्ट्या घरी आलेला. तिला लोकांनी केबिनमध्ये चढवलं. तिनं स्टिअरिंगवर दोन्ही तळवे ठेवले आणि कितीतरी वेळ उचललेच नाहीत. खाली उतरल्यावर तिनं रज्जाकभाईंना विचारलं की ह्येच का. ते म्हणाले, ह्यो का दुसरा ते सांगता येत न्हाई बाई, पण त्यांच्यातलाच. म्हणजे तेव्हाही ते खिडकीत दिसलं त्यापलीकडे गेले नाहीत. खिडकीच खोटी होती.

दीड वर्ष बरं गेलं. मग खंडेनवमी आली. गावात त्या दिवशी सगळी हत्यारं, अवजारं, गाड्या धुऊन पुजतात. भागवतअण्णा हौसेनं ट्रक धुवायला बसले. फाळका आधी रॉकेलच्या फडक्यानं घासला, त्यात वॉर्निश सुटलं, मग साबणाच्या पाण्यानं पुसला. लष्कराचा चाळीस वर्षांपूर्वीचा रंग तसाच राहिला, आणि नंबर फडक्यावर आला. पोस्टर कलर पाण्यात जातो, हे मी पाचवीच्या मुलांना शिकवायचो.

दुसऱ्या दिवशी आम्हाला बोलावणं आलं. आम्हाला म्हणजे रज्जाकभाईंना; मी सोबत गेलो. मारुतीच्या पारावर माणसं बसलेली. गयाबाई बाजूला, खाली ओट्यापाशी. अण्णांनी ते फडकं रज्जाकभाईंच्या हातात दिलं. त्यांना दिसत कमी होतं, म्हणून त्यांनी ते नाकापाशी नेलं. पोस्टर कलरला डिंकाचा एक आंबूस वास असतो. शाळेचे फलक मी त्यांच्याच शेडमध्ये बसून रंगवायचो, त्यांना तो वास चांगला ओळखीचा होता. त्यांनी फडकं खाली घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. जास्त वेळ नाही. हाक मारल्यावर माणूस वळून बघतो तेवढंच.

अण्णांनी विचारलं, "मिस्त्री, ह्ये कुणी केलं?"

मी बोलेन म्हणून रज्जाकभाई थांबले होते. आज मला तसं वाटतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. शाळेत माझं नाव मुख्याध्यापकपदासाठी पुढे होतं. मुलीचं लग्न ठरत होतं. ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी डोक्यात काहीच नव्हतं, फक्त तोंड उघडत नव्हतं.

"गाडी माझ्या शेडातून निघाली," रज्जाकभाई म्हणाले. "त्याच तुकडीची हाय असं मी सांगितलं. माझी चूक हाय."

मागून कुणीतरी बोललं, की ह्या लोकांना आपल्या शिपायांचं काय पडलंय. अण्णांनी त्याला दटावून गप्प केलं, पण बोलणं बोलून झालं होतं. तेव्हाही माझ्या एका वाक्यानं भागलं असतं. रज्जाकभाई उठले, गयाबाईपुढे जाऊन हात जोडून उभे राहिले. तिनं पदर तोंडाला लावलेला होता.

येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. करंजी घाट संपेपर्यंत मी शब्द जुळवत होतो. ते म्हणाले, "मास्तर, जरा डोळा लागतो का बघतो," आणि त्यांनी मान खिडकीला टेकवली. ते झोपलेले नव्हते.

गावानं ट्रक परत केला नाही. स्मारकापासून हलवून शाळेच्या मागे नेऊन ठेवला. रज्जाकभाईंच्या शब्दाचं मात्र काही राहिलं नाही. शौकीन लोकांत बातमी वाऱ्यासारखी पसरते. कुणी तोंडावर बोललं नाही, नुसतं विचारणं बंद झालं. घराच्या पडवीत ते लहानसहान कामं करत राहिले. मी रविवारी जातच राहिलो. चहा मिळायचा, साखर बरोबर दोन चमचे, पूर्वीसारखीच. त्यांनी एका शब्दानं ती गोष्ट काढली नाही. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, नजर साफ आली, त्यानंतरही त्यांनी कुठल्या गाडीला खिडकी काढलेली मी पाहिली नाही. नवखा एखादा विचारायचा, चाचा, ही गाडी कुठली, काय इतिहास? ते म्हणायचे, "गाडी हाय." नटही कुणाला दिला नाही.

मी मुख्याध्यापक झालो, निवृत्त झालो. मुलगी नांदायला गेली. जे जाईल म्हणून भ्यालो त्यातलं काही गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी पत्नी वारली, आणि त्यानंतर घरात मी आणि ही गोष्ट, दुसरं कुणीच उरलं नाही असं व्हायला लागलं. तिलाही मी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी नवरात्रात मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो आणि म्हणालो, "रज्जाकभाई, तो नंबर मी काढला होता."

ते कार्ब्युरेटर साफ करत होते. हात थांबला नाही.

"मला सांगून काय फायदा मास्तर? मला म्हाईत होतं," ते म्हणाले. मग कार्ब्युरेटर फडक्यावर ठेवून म्हणाले, "मी वाचायला लावलं तुमाला. माझ्या डोळ्यानं दिसेपर्यंत थांबाया पायजे हुतं. तेवढी माझी चूक खरीच हाय. बाकीचं त्या बाईला सांगा. परवा खंडेनवमी. मी जातोच दर साली, गाडीला ग्रीस द्यायला. यायचं का?"

दर साली ते जातात, हे मला तेव्हा कळलं. अकरा वर्षं. मी येतो म्हणालो.

मी गेलो नाही. कसा गेलो नाही ते शेवटी सांगतो, आधी पुढचं. त्यानंतर महिन्याच्या आत रज्जाकभाई गेले. झोपेतच. मी मातीला गेलो, आणि चाळिसाव्यानंतर एकटाच त्या गावी गेलो. गयाबाई शाळेच्या मागेच राहते. दारात शेंगा फोडत बसली होती. समोर तो ट्रक, टायर बसलेले, पण बिजागऱ्या काळ्याभोर, ग्रीस दिलेल्या. मी तिला सगळं सांगितलं, शुक्रवारपासून फडक्यापर्यंत. तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"मिस्त्री म्हनायचा, बाई, अक्षरं खोटी हुती, गाडी खोटी न्हाई," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या दिशी पारावर तुमी हुता न्हवं? त्याच्या शेजारी?"

"हो."

"मंग?"

ती उत्तराची वाट बघत होती, आणि अजूनही बघत असेल.

आता त्या खंडेनवमीचं. सकाळी आठला आम्ही माळीवाड्याच्या स्टँडवर भेटलो. ते धुतलेला सदरा घालून आले होते, हातात ग्रीसचा डबा आणि खांद्याला कापडी पिशवी. गाडी लागली. सणाचा दिवस, गर्दी फार. ते पुढे होऊन चढले, त्यांना खिडकीची जागा मिळाली, आणि त्यांनी पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली, माझ्यासाठी. मी खाली दाराशी उभा होतो. पायरीवर पाय ठेवला आणि काढला. खिडकीपाशी जाऊन मी म्हणालो, रज्जाकभाई, चक्कर आल्यासारखं होतंय, बीपीची गोळी घरी राहिली, तुम्ही पुढं व्हा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सावकाश जा घरी. रिक्षा करा."

गाडी लगेच सुटली नाही. कंडक्टर तिकिटं फाडत होता. एक बाई शेजारच्या जागेपाशी येऊन उभी राहिली, त्यांनी तिला काहीतरी सांगितलं, ती पुढे सरकली. मग एक माणूस आला, त्यालाही त्यांनी हातानंच नाही म्हटलं. मी अजून तिथेच उभा होतो. पिशवी जागेवरच होती. कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी वाजली, गाडी हलली. स्टँडच्या फाटकातून वळेपर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती. वळताना त्यांनी हात लांब करून पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.